सोलर घ्यायचंय? भाव गावाने मिळून करा, पैसे ज्याचे त्याने भरा

सध्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतोय. गॅलरीत दोन सोलर पॅनल टांगलेले, त्यांची वायर घरातल्या साध्या सॉकेटमध्ये खोचलेली आणि खाली लिहिलेलं, 'लाईट बिल शून्य'. काही ठिकाणी याच्या पुढची गोष्टही सुरू झाली आहे. 'पन्नास घरं जमवा, अर्ध्या भावात किट देतो,' असं सांगत कुणीतरी गावात येतं आणि ॲडव्हान्स मागतं.

यात दोन गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत. गावाने मिळून खरेदी करायची कल्पना चांगली आहे आणि तिने खरंच पैसे वाचतात. सॉकेटमध्ये खोचायचं किट मात्र आपल्याकडच्या विजेच्या जोडणीला लागू पडत नाही. म्हणून पैसे काढण्याआधी ही माहिती नीट वाचा आणि आपल्या गल्लीतल्या, बचत गटातल्या लोकांनाही दाखवा.

प्लग-इन सोलर म्हणजे नेमकं काय?

ही पद्धत सगळ्यात जास्त रुजली ती जर्मनीत. तिकडे शहरात बरेच लोक भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, छत स्वतःचं नसतं. म्हणून गॅलरीच्या कठड्याला एक-दोन पॅनल लावायची, त्याला छोटा इन्व्हर्टर जोडायचा आणि प्लग सॉकेटमध्ये लावायचा. दिवसा फ्रीज, वायफाय, टीव्ही जी वीज खातात, त्यातली काही वीज पॅनलकडून येते आणि मीटर तेवढा कमी फिरतो. घर पूर्ण सोलरवर जात नाही, बिल थोडं उतरतं एवढंच.

तिथल्या सरकारने त्यासाठी नियम केले. इन्व्हर्टर ८०० वॅटपर्यंतचा आणि पॅनल एकूण २००० वॅटपर्यंत, ही मर्यादा २०२४ मध्ये ठरली. सरकारी नोंदवहीत ऑनलाइन नोंद करावी लागते. २०२३ पासून यावरचा विक्रीकर शून्य आहे. २०२५ मध्ये अशा नोंदलेल्या किटची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. अमेरिकेतल्या युटा राज्यानेही २०२५ मध्ये १२०० वॅटपर्यंतच्या प्लग-इन किटला कायद्याने वाट करून दिली.

जर्मनीत शेजारीपाजारी, हौशी संस्था, ऊर्जा सहकारी संस्था मिळून एकदम ऑर्डर देतात आणि भाव पाडून घेतात. छतावरच्या मोठ्या सोलरसाठी हीच युक्ती अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात २००९ मध्ये एका वस्तीने केली. लोकांनी आधी गट केला, मग सगळ्यांसाठी एकच ठेकेदार निवडला. सहा महिन्यांत १३० घरांवर सोलर बसलं. नंतर ही पद्धत अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी गेली.

मग आपल्याकडे सॉकेटमध्ये का लावायचं नाही?

१. परवानगी लागते. घरातली सोलर वीज महावितरणच्या लाईनला जोडायची असेल तर अर्ज, तपासणी आणि नेट मीटर हाच रस्ता आहे. सॉकेटमध्ये खोचलेली सिस्टिमसुद्धा लाईनलाच जोडली जाते, कारण घरातली वायरिंग आणि बाहेरची लाईन एकच आहे. महावितरणला न कळवता अशी जोडणी करता येत नाही.

२. मीटर उलटा हिशोब करू शकतो. साध्या इलेक्ट्रॉनिक मीटरला वीज आत आली की बाहेर गेली हा फरक कळेलच असं नाही. दुपारी घरात वापर कमी आणि पॅनल जोरात चालू असेल, तर बाहेर गेलेली वीजही काही मीटर 'वापर' म्हणून मोजतात. म्हणजे वीज तुमची आणि बिलही तुम्हालाच.

३. वायरमनच्या जिवाचा प्रश्न आहे. फॉल्ट काढायला लाईन बंद करून वायरमन पोलवर चढतो. तेवढ्यात एखाद्या घरातून वीज उलटी लाईनवर आली, तर तो जागेवर चिकटू शकतो. चांगला इन्व्हर्टर लाईन गेली की क्षणात स्वतः बंद होतो. कसलाही दर्जा नसलेला स्वस्त माल तसा बंद होईलच याची खात्री कोण देणार?

४. लाईट गेली की तोही बंद. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. बॅटरी नसलेलं प्लग-इन किट लाईन असेल तरच चालतं. भारनियमनात वर कडक ऊन असलं तरी घरात पंखा फिरणार नाही.

५. घरातली वायरिंग. जुन्या घरात सॉकेटची वायर बारीक, जोड ढिले आणि अर्थिंग नावापुरतं. तिथे दिवसभर दोन्ही बाजूंनी वीज फिरली तर वायर तापते.

तेव्हा 'फक्त प्लग लावा' म्हणून कुणी किट विकत असेल, तर ते घेऊ नका.

आपल्याकडे लहान सोलरचे तीन मार्ग

पहिला, ऑन-ग्रिड. छतावर पॅनल, भिंतीवर इन्व्हर्टर आणि नेट मीटर. दिवसाची जास्तीची वीज लाईनवर जाते आणि रात्री वापरलेल्या विजेतून ती वजा होते. बॅटरी नाही, म्हणून खर्च कमी आणि देखभाल थोडी. पण लाईट गेली की हेही बंद. ज्या गावात वीज बऱ्यापैकी टिकते, तिथे हाच मार्ग सोयीचा. अनुदानही यालाच सरळ मिळतं.

दुसरा, हायब्रिड. वरच्यासारखंच, पण सोबत बॅटरी. लाईट गेल्यावर ठरावीक दिवे-पंखे चालतात. अनुदान तेवढंच राहतं आणि बॅटरीचा खर्च आपल्या खिशातून जातो, त्यामुळे महाग पडतं.

तिसरा, बॅटरीचं छोटं किट. लाईनशी संबंधच नाही. पाडा, वाडी, शेतातलं घर यांच्यासाठी उपयोगी. १०० वॅटचं एक पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ३५० ते ४०० वॅट-तास वीज देतं. ९ वॅटचे तीन बल्ब चार तास, २५ वॅटचा डीसी पंखा सहा तास आणि दोन मोबाईल चार्ज, हे सगळं मिळून ३०० वॅट-तासांच्या आत बसतं. फ्रीज, मिक्सर, पाण्याची मोटर यावर चालणार नाही, हे आधीच समजून घ्या. लेड-ॲसिड बॅटरी काही वर्षांत बदलावी लागते. लिथियम महाग, पण जास्त टिकते.

सरकारी अनुदान किती?

केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. ती २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. घरगुती जोडणीसाठी अनुदान असं आहे:

- १ किलोवॅट : ३०,००० रुपये
- २ किलोवॅट : ६०,००० रुपये
- ३ किलोवॅट किंवा जास्त : ७८,००० रुपये

पैसे सिस्टिम चालू झाल्यावर आणि तपासणी झाल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतात. अट अशी की पॅनल भारतात बनलेलं हवं, त्यातले सेलही भारतातले हवेत. दुकानदार याला 'डीसीआर पॅनल' म्हणतात. आणि विक्रेता योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी असलेला हवा. नोंदणी नसलेल्या माणसाकडून स्वस्तात बसवून घेतलं तर अनुदान हातचं जातं.

महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेल्या घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची योजना आणली. पूर्ण नाव 'स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप'. यात १ किलोवॅटसाठी केंद्राच्या ३०,००० वर राज्य भर घालतं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला स्वतःचे २,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला ५,००० आणि सर्वसाधारण गटातल्या ग्राहकाला १०,००० रुपये भरायचे आहेत. लाभार्थ्यांची संख्या ठरलेली आहे. म्हणून गट करण्याआधी महावितरणच्या शाखा कार्यालयात जाऊन आपली कुठली घरं यात बसतात ते विचारा. जी बसतात त्यांनी तोच अर्ज करावा, भावासाठी घासाघीस करायची गरज नाही.

शेतीपंपासाठी योजना वेगळ्या आहेत, त्या यात मिसळू नका.

गटाने घेतलं की स्वस्त का पडतं?

१ किलोवॅट म्हणजे आजची साधारण दोन मोठी पॅनल. पण ती दोन पॅनल बसवायला तालुक्याहून गाडी येणार, दोन-तीन माणसं येणार, अर्थिंगचा खड्डा होणार, कागदपत्रांसाठी चकरा होणार. हा खर्च दोन पॅनलला जेवढा, जवळजवळ तेवढाच सहा पॅनलला. म्हणून लहान सिस्टिमचा किलोवॅटमागे भाव जास्त लागतो. योजनेने १ किलोवॅटचा खर्च ५०,००० रुपये धरला आहे, पण एकट्या माणसाला बाजारात बऱ्याचदा जास्त सांगितले जातात.

तेच एका गावात २० घरं एकदम असतील तर माल एका गाडीत येतो, एकाच मुक्कामात चार-पाच घरं होतात, फॉर्म एकत्र भरले जातात. विक्रेत्याचा हा जो खर्च वाचतो, त्यातूनच तो भाव सोडू शकतो. 'अर्ध्या भावात' मात्र कुणीच देऊ शकत नाही, कारण पॅनल आणि इन्व्हर्टरची किंमत गट केला म्हणून अर्धी होत नाही. कुणी तसं म्हणत असेल तर माल हलका आहे किंवा अनुदानाची रक्कमच सूट म्हणून सांगितली जात आहे.

भावापेक्षा मोठा फायदा नंतरचा आहे. एका घराच्या तक्रारीला विक्रेता आठवडाभर फोन उचलणार नाही. वीस घरांची तक्रार एकदम गेली की माणूस येतो.

गट कसा बांधायचा?

१. आधी यादी. ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत किंवा दूध डेअरीवर विषय काढा. १० ते २५ घरांचा गट सांभाळायला सोपा. प्रत्येकाकडून मागच्या १२ महिन्यांची बिलं घ्या. उन्हाळ्याच्या एका बिलावरून सिस्टिमचा आकार ठरवू नका.

२. कागदं तपासा. गावात सगळ्यात जास्त अडतं ते इथे. मीटर आजोबांच्या नावावर, ते वारले, वाटण्या झाल्या, पण नाव बदललंच नाही. अर्ज, बँक खातं आणि मीटर यांवर नाव जुळलं पाहिजे. आधी नाव बदलून घ्या, थकबाकी असेल तर भरा.

३. छत बघा. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा धरा. स्लॅब उत्तम. पत्रे असतील तर खालचे अँगल किती मजबूत आहेत ते बघावं लागतं. कौलारू घरावर जपून, बऱ्याचदा अंगणात किंवा गोठ्याशेजारी लोखंडी स्टँड करणं बरं. शेजारच्या चिंचेची, नारळाची सावली दुपारी कुठे पडते ते स्वतः उभं राहून बघा.

४. डीपीची ताकद विचारा. एकाच ट्रान्सफॉर्मरवर बरीच घरं सोलरवर गेली, तर भर दुपारी व्होल्टेज वाढतं आणि इन्व्हर्टर ट्रिप होतात. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला वेगळा तांत्रिक अभ्यास लागत नाही. तरी गट मोठा असेल तर शाखा अभियंत्याला आधी भेटून यादी दाखवा.

५. तीन लेखी कोटेशन. पोर्टलवरच्या यादीतून जिल्ह्यातले तीन विक्रेते निवडा. त्यांनी आधी बसवलेल्या दोन-तीन घरी जाऊन घरच्या बाईमाणसांना विचारा, कारण बंद पडल्यावर फोन कोण करतं ते त्यांनाच माहीत असतं.

६. निवड सगळ्यांसमोर. तिन्ही कोटेशन बैठकीत मोठ्याने वाचा. गट जमवणाऱ्याला विक्रेता कमिशन देत असेल तर ते उघड सांगायला लावा आणि भावातून वजा करायला सांगा.

कोटेशनमध्ये हे लिहिलेलं हवं

- पॅनलची कंपनी, वॅट, संख्या आणि डीसीआर असल्याचा उल्लेख
- इन्व्हर्टरची कंपनी, क्षमता, वॉरंटी किती वर्षं
- स्टँडचा गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा दर्जा आणि उंची
- अर्थिंग, लायटनिंग अरेस्टर आणि वायरची जाडी
- नेट मीटर आणि अर्जाचं काम कोण करणार, त्याचे वेगळे पैसे आहेत का
- पाच वर्षांची देखभाल, ती योजनेतच धरलेली आहे
- जीएसटीसह एकूण रक्कम आणि काम पूर्ण व्हायची तारीख

'सगळं त्यातच आलं' असं तोंडी सांगितलेलं धरू नका. वळवाच्या वाऱ्यात स्टँड उडाल्यावर तोंडी शब्द सापडत नाही.

पैसे कसे द्यायचे?

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. गटाने भाव ठरवायचा, पण पैसे गोळा करायचे नाहीत. प्रत्येक घराचा अर्ज वेगळा, करार वेगळा, बिल वेगळं आणि अनुदानही वेगळ्या खात्यात. म्हणून प्रत्येकाने विक्रेत्याच्या फर्मच्या खात्यावर स्वतः पैसे टाकावेत आणि पावती घ्यावी. एका माणसाकडे रोख जमा केली की चांगल्या माणसावरही संशय येतो आणि वाईट माणसाला पळायला वाट मिळते. गाव फुटतं ते इथेच.

पैसे टप्प्याने द्या. थोडे ऑर्डरच्या वेळी, मोठा हिस्सा माल घरी आल्यावर पॅनलचे नंबर बिलाशी जुळवून, आणि शेवटचा हिस्सा नेट मीटर बसून सिस्टिम चालू झाल्यावर. शेवटचे पैसे हातात असले की चकरा विक्रेता मारतो.

सगळे पैसे एकदम नसतील तर बँका या योजनेखाली विनातारण कर्ज देतात. त्यासाठी सावकाराकडे किंवा महागड्या फायनान्सकडे जायची गरज नाही. अर्ज भरताना ओटीपी कुणाला सांगू नका, कुणाच्याही लिंकवर 'नोंदणी फी' भरू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा.

कुणाला परवडतं, कुणाला नाही?

१ किलोवॅट आपल्या भागात दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास वीज देतं. पावसाळ्यात बरंच कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त.

समजा तुमचा वापर महिन्याला १२० युनिट आहे आणि सगळे आकार धरून युनिटमागे ७ रुपये वाचतात. म्हणजे महिन्याला ८४०, वर्षाला साधारण १०,००० रुपये. गटाने १ किलोवॅट ६०,००० ला मिळवलं आणि ३०,००० अनुदान आलं, तर तुमचे ३०,००० तीन वर्षांत वसूल होतात. पॅनल पुढे २० वर्षांहून जास्त चालतात, मधे इन्व्हर्टरचा खर्च येतो.

पण ज्यांचा वापर ४०-५० युनिटच आहे, त्यांना विजेचा दरही कमी लागतो. त्यांची वसुली लांबते. त्यांनी 'स्मार्ट'सारखी योजना बघावी किंवा थांबावं. गटाची संख्या भरायला म्हणून कुणाला ओढू नका.

बिल अगदी शून्यही होत नाही, स्थिर आकार राहतोच. गरजेपेक्षा मोठी सिस्टिम लावून वीज विकायचं स्वप्न बघू नका. वर्षअखेर उरलेल्या युनिटला मिळणारा दर कमी असतो.

बसवल्यानंतर

पंधरा दिवसांतून एकदा पॅनल धुवा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं पाणी जड असेल तर काचेवर पांढरे डाग बसतात, लगेच पुसून घ्या. उसाच्या भागात पाचट पेटवल्यावर काजळी बसते, रस्त्याकडेच्या घरांवर धूळ बसते, त्यांनी जास्त वेळा धुवावं. माकडांचा त्रास असेल तर वायर उघड्या ठेवू नका, पाइपातून घ्या.

गटातल्या एका-दोघा पोरांना विक्रेत्याकडून इन्व्हर्टरचे लाल-हिरवे दिवे, फ्यूज आणि ॲप समजून घ्यायला लावा. सगळ्यांनी एकाच कंपनीचा इन्व्हर्टर घेतला असेल तर शेजाऱ्याच्या युनिटशी ताडून आपलं काही बिघडलंय का ते लगेच कळतं. विजेच्या तक्रारीसाठी १९१२ हा नंबर आहे.

ग्रामपंचायतीने काय करावं?

योजनेत बसलेल्या प्रत्येक घरामागे ग्रामपंचायतीला १,००० रुपये प्रोत्साहन धरलेलं आहे. शिवाय प्रत्येक जिल्ह्यातल्या एका गावाला 'आदर्श सौरग्राम' म्हणून १ कोटी रुपयांची केंद्राची मदत आहे. साधारणपणे ५,००० पेक्षा जास्त लोकसंख्येची महसुली गावं त्यासाठी स्पर्धेत उतरू शकतात. लहान गावानेही मागे राहायचं कारण नाही. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी ही डोंगरातली लहानशी वाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली.

ग्रामपंचायतीने विक्रेता ठरवू नये, तो गटाने ठरवावा. पंचायतीने बैठकीला जागा द्यावी, कोटेशन नोटीस बोर्डावर लावावीत आणि नाव बदलायच्या अर्जांसाठी महावितरणचा एक दिवसाचा कॅम्प गावात मागवावा. तेवढं केलं तरी निम्मं काम होतं.

थोडक्यात

- सॉकेटमध्ये खोचायचं किट घेऊ नका.
- १०० युनिटच्या आत असाल तर आधी 'स्मार्ट' योजना विचारा.
- मीटरवरचं नाव आधी दुरुस्त करा.
- तीन लेखी कोटेशन, निवड सगळ्यांसमोर.
- भाव गटाने ठरवा, पैसे स्वतः बँकेतून द्या, शेवटचा हिस्सा मीटर बसल्यावरच.